पेंडीवर लावलेला साबण

आक्काचा साबण वाईट होता. हे आधीच सांगून टाकते. आता ती गेल्यावर गावातलं कुणी भेटलं की डोळे मिटून म्हणतं, "काय साबन हुता हो बाई आक्काचा! तसा आता मिळत न्हाई." खोटं बोलतात. मी तो साबण वापरलाय. त्याला कच्च्या करंज तेलाचा वास यायचा, फेस यायचा नाही. डोकं धुतलं की केस काथ्यासारखे व्हायचे आणि पांढरा परकर दोन धुण्यांत पिवळा पडायचा. तेव्हा हीच माणसं तिच्या तोंडावर नाकं मुरडायची. तिच्या साबणाचं असलं कौतुक ऐकलं की माझं डोकं फिरतं. कारण साबण चांगला होता असं म्हटलं की बाकीचं काही सांगावं लागत नाही. बाकीचं सांगायला कुणालाच नको असतं.

माझी पहिली नोकरी त्या गावच्या शाळेत. केजहून युसूफ वडगावकडे जाणाऱ्या जीपनं मधल्या फाट्यावर सोडलं. खोलीची चौकशी केली तर सगळ्यांनी एकाच घराकडे बोट दाखवलं आणि बोट दाखवताना सगळेच हसले. ओसरीवर ही बसलेली. ठेंगणी, वाळलेली, लुगड्याचा काष्टा वर खोचलेला. नाव काय, गाव कोणतं, काही विचारलं नाही.

"साबन कोनता लावतीस?"

मी सांगितला.

"त्यो हितं चालायचा न्हाई. माज्या खोलीत माजाच साबन लागंल. पटत आसंल तर सामान उतरीव, न्हाईतर जीप हाय उभी."

जीप केव्हाच धुरळा उडवत गेली होती. मी सामान आत नेलं. कॉटखाली वाकून पाहिलं तर तिथं पोत्यावर मातकट रंगाच्या वड्या ओळीनं वाळत घातलेल्या. त्या माझ्याबरोबरच राहणार होत्या.

आक्काचा नवरा तरुणपणीच गेला. तो सुतारकाम करायचा. त्यानं करून दिलेले सागवानी साचे आणि कुठल्याशा ग्रामोद्योगाच्या शिबिरात शिकलेली साबणाची रीत, एवढ्यावर तिनं पुढचा सगळा संसार ओढला. बाहत्तरच्या दुष्काळात दिवसभर खडी फोडून आल्यावरही ती साबण करत असे म्हणे. अंगणात लोखंडी कढई, तीत करंजाचं आणि लिंबोळीचं तेल, वरून कास्टिक सोड्याचं पाणी. नाकाला पदर बांधून ती दांडक्यानं ढवळायची आणि ढवळताना कढईला शिव्या घालायची. "व्हय की घट्ट! कुनाची वाट बगतीस?" कास्टिकनं तिच्या बोटांची टोकं खाल्ली होती. ती गुळगुळीत झाली होती आणि नखं अर्धीच राहिली होती. वडी तयार झाली का हे ती जिभेचं टोक लावून बघायची. जिभेला झोंबलं की थुंकायची, वडीला एक शिवी आणि आणखी काही दिवस माझ्या कॉटखाली.

वडगावच्या बाजारात ती बसायची ती विकायला का भांडायला, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. कुणी वडी उचलून वास घेतला की हातातून काढून घ्यायची. "वास पायजे? मग उदबत्ती घे." कुणी म्हणालं, आक्का, फेस येत न्हाई हो, तर तिचं ठरलेलं उत्तर, "फेस नगं बगू, मळ बग." हे ती माणसांनाही लावायची. पुढारी भाषण करून गेला की म्हणायची, "फेस लई हाय." गडी माणसं एकमेकांना 'बे' म्हणतात तसं ती सर्रास सगळ्यांना म्हणायची, त्यात तलाठीही आला. तिच्या रागाला वेळकाळ नव्हता. उशिरा आलेल्या एसटीवर राग, लवकर आलेल्या एसटीवर राग.

एकदा मला कपिलधारला दर्शनाला घेऊन गेली. धबधब्याखाली कुठलंसं कुटुंब अंगाला साबण चोळून आंघोळ करत होतं, पाण्यावर फेस तरंगत होता. आक्का लुगड्यासकट पाण्यात उतरली आणि त्या भल्या माणसाच्या हातातला साबण हिसकावून काठावर ठेवून आली. "देवाच्या पान्यात साबन? खालची मानसं तेच पानी पित्यात, दिसत न्हाई का बे?" तो म्हणाला, "तुम्ही कोण?" ही म्हणाली, "मी साबन इकते." दर्शन राहिलं बाजूला. परतीच्या वाटेवर ती माझ्यावरच चिडलेली, मी तिच्या बाजूनं ओरडले नाही म्हणून.

बीडला घरी गेले की आई पेटीत एक गुलाबी साबण घालायची. तोंडापुरता मी तो चोरून वापरायचे. एक दिवस आक्का मोरीच्या दाराशी उभी राहिली. "हितं फुलांचा वास कावून येतोय?" साबण घेतला, पुसला, कोरड्या फडक्यात गुंडाळला आणि स्वतःच्या देवळीत ठेवला. "दुसऱ्याची वस्तू मी फेकत न्हाई. खोली सोडशील तवा घिऊन जा." मी त्या दिवशी रडले. रागानं. बावीस-तेवीस वर्षांची कमावती बाई मी, आणि मला तोंड कशानं धुवायचं हे ही ठरवणार!

मग मी तिथं असताना दुष्काळ आला. सलग दुसरं वर्ष कोरडं गेलं. तलावाच्या तळाला भेगा पडल्या. गावच्या विहिरीत टँकर ओतायचा आणि बायकांनी कळशा सोडायच्या. पिण्याचं भागलं तर आंघोळ, नाहीतर ओल्या फडक्यानं अंग पुसायचं. जनावरांना चारा नव्हता. चाऱ्याच्या जागी थोडाफार आधार होता तो सोसायटीच्या दुकानातल्या सरकी पेंडीचा. सोसायटी सहकारी, म्हणजे सगळ्या सभासदांची. पण तिच्या किल्ल्या चेअरमनच्या खिशात. त्याच्या मेव्हण्यानं केजला साबणाची एजन्सी घेतली होती. तसलाच गुलाबी, फुलांच्या वासाचा. पाणी नसलेल्या मुलखात साबण कोण घेणार? माल पडून राहिला.

आणि एके दिवशी सोसायटीच्या दुकानात पेंडीच्या पोत्यावर साबणाचा खोका लागला. पोतं पाहिजे तर खोका घ्या. खोका नको, तर पोतं नाही.

अंग धुवायला पाणी नाही त्या गावात घरोघर साबणाचे खोके! लोक त्यांवर बसायचे. एका घरी कॉटचा मोडका पाय खोक्यावर टेकवलेला मी पाहिला. माझ्या वर्गातल्या पोरांच्या बोटांच्या बेचक्या खरजेनं फुटलेल्या. ती पोरं डाव्या हातानं उजवा हात खाजवत पाढे म्हणायची, आणि त्यांच्या घरी साबण माळ्यापर्यंत.

आक्काची एक म्हैस होती. आक्का पेंड आणायला गेली आणि रिकाम्या हातानं परत आली. सोसायटीच्या कारकुनाला म्हणे विचारून आली, "माज्या म्हशीनं साबन खायाचा का बे?" घरी आल्यावर तोफ माझ्यावर. मी अंगणात ओंजळभर पाण्यात धुणं धूत होते, तिच्याच साबणानं, आणि ती डोक्यावर उभी राहून बोलत होती. "पेंडीवर साबन लावत्यात! ही काय जबरदस्ती?"

मीही वैतागले होते. म्हटलं, "आक्का, तुम्ही तरी काय वेगळं करता? खोली पाहिजे तर साबण घे. पोतं पाहिजे तर खोका घे. एकच की!"

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता खोली गेली. पण ती आत गेली आणि दिवसभर बाहेर आली नाही. म्हशीलाही मीच पाणी दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या खिडकीत फडक्यात गुंडाळलेला गुलाबी साबण होता.

"तुजा तू वापर," आक्का पाठमोरीच म्हणाली. "माज्या खोलीवर आता काय लावलेलं न्हाई."

"मी रागात बोलले, आक्का."

"रागात बोललीस, पर खरं बोललीस. लई लागलं मला." मग वळली. डोळे लाल. "आता मला त्या चेअरमनला बोलता यील."

सोसायटीची वार्षिक सभा मारुतीच्या पारासमोर होती. त्याआधी आक्का रोज दुपारी घरोघर हिंडली. बायकांना म्हणायची, "न वापरलेला साबन द्या." बायकांनी आनंदानं दिला, घरातली अडगळ जात होती. सभेला बायका जायच्या नाहीत. पण नवऱ्याचा शेअर आक्काच्या नावावर झालेला, ती सभासद होती. मी आणि शेजारची एक सून, आम्ही साबणानं भरलेली पोती ओढत पारापर्यंत नेली आणि मागं उभ्या राहिलो.

टेबलामागे चेअरमन आणि तालुक्याहून आलेले सहकार खात्याचे साहेब. अहवाल वाचून झाला, टाळ्या झाल्या. आयत्या वेळचे विषय आले तशी आक्का उठली. "माजा इषय हाय." पोती ओढत पुढं नेली आणि टेबलासमोर उपडी केली. गुलाबी ढीग पडला. उन्हात सगळीकडे फुलांचा वास सुटला.

"साबन तुमी दिला. आता पानी द्या."

सगळा पार हसला. साहेबही हसले, आणि हसता हसता त्यांनी चेअरमनकडे पाहिलं. "हा काय प्रकार आहे?"

आक्कानं ढिगातला एक साबण उचलला, कागद फाडला आणि सवयीनं जिभेचं टोक लावलं. "साबन चांगला हाय," ती म्हणाली. "माज्यापरीस चांगला हाय. मी त्येला नावं ठिवाया आले न्हाई. पर घ्यायचा का न्हाई, कोनता घ्यायचा, हे ज्याचं त्येच्या हातात पायजे. मागून घेतला तर त्यो साबन. लावून दिला तर दंड. आमी काय गुन्हा केलाय?"

मला अजून वाटतं की तेवढ्यावर सभा संपायला हवी होती. पण चेअरमन मुरलेला होता. आवाजही चढवला नाही. "साहेब, जबरदस्ती कुनावरच न्हाई. लोक आपखुशीनं नेत्यात. आपन विचारूच की." मग सभेकडे वळून म्हणाला, "कुनावर जबरदस्ती झाली आसंल त्येनं हात वर करावा."

एकही हात वर झाला नाही.

आत्ता हसलेली माणसं ती. कुणी टोपी नीट करत होतं, कुणी अंगठ्यानं माती उकरत होतं. ज्याच्या घरी कॉटचा पाय खोक्यावर टेकलेला, तो पंच पहिल्याच रांगेत होता. त्यानं मान खाली घातली ती वर केलीच नाही. मला कळत होतं, प्रत्येकाचं जनावर सोसायटीच्या दारात बांधलेलं आहे. कळत होतं म्हणून राग कमी झाला नाही. मी हात वर केला. चेअरमन मायेनं म्हणाला, "बाई, तुमी सभासद न्हाई. तुमी पोरांचं बगा." पुन्हा हशा. या खेपेला माझ्यावर.

"आक्काचं दुखनं येगळं हाय, साहेब," चेअरमन म्हणाला. "तिचा सोताचा साबनाचा धंदा हाय. त्यो बसला. दुसरं काय न्हाई."

आणि लोक त्यालाही हसले. तीच माणसं. साहेबांनी घड्याळ पाहिलं, आभार झाले, सभा संपली. आम्ही ढीग तिथंच टाकून आलो. दुसऱ्या दिवसापर्यंत तो नाहीसा झाला होता. ज्यांनी दिला त्यांनीच परत नेला, की सोसायटीनं पुन्हा खोक्यात भरला, देव जाणे.

सभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहते तर कोपऱ्यातले साचे नाहीत. धावत सोसायटीवर गेले. दुकानासमोर साचे उभे करून तिनं पेटवले होते. सागवानी, तेल प्यालेले. धडाधड पेटले. पेंडीला आलेली माणसं गोल करून उभी. कारकून दारात, हातात किल्ल्या.

"ह्ये बगा," आक्का सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "आता माजा धंदा न्हाई. आता सांगा, माजं काय दुखतंय?"

मी तिचा दंड धरला. "आक्का, खाणार काय तुम्ही?"

"तुजं भाडं," ती म्हणाली आणि हात सोडवून घेतला. मग जाळाकडे पाठ करून खिडकीशी गेली. "पेंड द्या. साबन नगं."

"तसं मिळत न्हाई, आक्का."

"मग बसते."

पेंड मिळायच्या प्रत्येक वाराला ती जाऊन बसायला लागली. खिडकीसमोर, उन्हात. आलेला माणूस खोका उचलू लागला की त्याच्याकडे बघायची. शिवी नाही, काही नाही, नुसती बघायची. लोकांना तिच्या शिव्या परवडायच्या, हे बघणं परवडेना. चिडायचे. "आमचं जनावर मरू का तुज्या हट्टापायी?" तिचं स्वतःचंच जनावर मरायला टेकलं होतं. लिंबाचा पाला खाऊन म्हशीच्या फासळ्या मोजता येत होत्या. मी म्हटलं, "मी घेते खोका माझ्या नावावर. म्हशीला पोतं मिळू द्या." आक्का इतक्या जोरात ओरडली की शेजारीण बाहेर आली. त्या दिवशी मला तिचा मनस्वी संताप आला. तत्त्व तिचं, आणि उपाशी म्हैस. त्या मुक्या जीवाला कुणी विचारलं होतं?

शेवटी एका सकाळी म्हशीला घेऊन ती चालत केजच्या बाजाराला गेली. संध्याकाळी एकटीच परत आली. जनावर विकलं तरी दावं द्यायचं नसतं. ते दावं हातात होतं. गोठ्यातल्या खुंटीला अडकवलं आणि झोपली.

पुढच्या वाराला ती पुन्हा खिडकीसमोर जाऊन बसली. कारकून म्हणाला, "आता म्हैसच न्हाई, पेंड कावून मागतीस?"

"मी सभासद हाय."

त्या दिवशी वाडीवरचा एक धनगर म्हातारा दोन गाईंसाठी पेंड घ्यायला आला होता. त्यानं खोका खाली ठेवला, फेटा सोडून पुन्हा बांधला आणि म्हणाला, "मलाबी साबन नगं." कारकून म्हणाला, मग पेंडही नाही. म्हातारा आक्काशेजारी जाऊन बसला. नंतरच्या वाराला त्याच्या वाडीची आणखी माणसं आली. मग गावातल्या दोन बायका. मग थोडी जास्त. आत पोत्यांची थप्पी वाढत गेली, बाहेर माणसं. चेअरमनची मोटारसायकल एकदा आली, लांबूनच वळून गेली. मी शाळा सुटली की जायचे, मागं उभी राहायचे.

आणि एका दुपारी कारकुनानं म्हाताऱ्यापुढं पोतं सरकवलं. खोक्याशिवाय. बस, एवढंच. जाहीर काही झालं नाही, कुणी चुकलं म्हणालं नाही. पुढल्या निवडणुकीत तोच चेअरमन बिनविरोध आला.

आक्काचा नंबर आला. कारकुनानं तिच्याकडे पाहिलं. तिनं पदराची गाठ सोडली. "वजन कर."

ते पोतं आम्ही दोघींनी घरी आणलं आणि रिकाम्या गोठ्यात टेकवलं. तिनं गल्लीत उभं राहून हाळी दिली, ज्याच्या जनावराला पाहिजे त्यानं पाटी घेऊन यावं. बायका आल्या. आक्का पाट्या भरत होती आणि प्रत्येकीला शिव्या देत होती. त्या मुकाट ऐकत होत्या.

सगळ्यांत शेवटी तो पंच आला. कॉटवाला. पाटी पुढं करून हसला, "आक्का, साबन पुन्ना करा की आता. आमच्या घरी सगळ्यांना तुमचाच..."

आक्का वाकली होती ती उभी राहिली. "आदी हात वर कर," ती म्हणाली. "तवा केला न्हाईस. आता कर. मग पेंड."

त्याला ही थट्टा वाटली. मग तिचा चेहरा पाहिला. पाटी काखेत घेऊन त्यानं उजवा हात हळूहळू वर उचलला. गोठ्यात आम्ही तिघंच होतो.

हात खांद्यापर्यंत आला असेल, आक्का किंचाळली. "खाली घे! खाली घे त्यो हात!"

तो गोंधळून तसाच उभा. तिनं त्याची पाटी ओढून घेतली, दोन्ही हातांनी पेंड ओरपून शीग लावून भरली आणि त्याच्या छातीवर आदळली.

"पेंडीवर काय लावलेलं न्हाई. जा. काय बोलू नगंस, जा."

तो गेला. मग आक्का खराटा घेऊन गोठा झाडायला लागली. त्याला, चेअरमनला आणि स्वतःला आलटून पालटून शिव्या देत ती कितीतरी वेळ झाडत होती. गोठ्यात झाडण्यासारखं काही नव्हतं.